पॅन कार्ड माझं, डाव कुणाचा?



या वेळी कैरीच्या मुरांब्याची मर्यादा किती दिवस धरावी यावर लिहायचं कबूल केलं होतं. चार-पाच जणींचे निरोपही आले. ते पुढच्या वेळी नक्की. आज मन दुसरीकडे आहे आणि जरा तापलेलंही आहे, तेव्हा एखादा शब्द जास्त गेला तर थोरल्या बहिणीनं सुनावलं असं समजा.

आमच्या महिला मंडळात एक काकू आहेत. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, नाव मात्र सांगणार नाही. वय ६७. काका जाऊन नऊ वर्षं झाली. काकांची पेन्शन आणि दोन ठेवी यावर त्यांचं भागतं. ठेवींच्या व्याजावर बँक कर कापते, तो परत मिळावा म्हणून दर पावसाळ्यात त्या सी.ए.कडे जाऊन रिटर्न भरून येतात. गेल्या पावसाळ्यातही गेल्या. ऑफिसातला मुलगा कॉम्प्युटरमध्ये बघत म्हणाला, "काकू, तुम्ही रमी खेळता होय?"

काकूंना वाटलं पोरगा थट्टा करतोय. त्याही हसल्या. मग त्यानं स्क्रीन वळवून दाखवली. फॉर्म २६ एएसमध्ये बँकेच्या नावाखाली आणखी एक नाव होतं, ऑनलाइन गेम चालवणाऱ्या एका कंपनीचं. काकूंच्या पॅनवर ४८,००० रुपयांची 'जिंकलेली रक्कम' आणि त्यावर कापलेला १४,४०० रुपये कर.

ज्या बाईनं लग्नाआधी माताजींसमोर सप्तव्यसनांचा त्याग घेतला आणि दिवाळीत माहेरी पत्ते निघाले की उठून स्वयंपाकघरात जाते, तिच्या नावावर सरकारदरबारी जुगाराची नोंद. सात व्यसनांत पहिलं नाव द्यूताचं, हे आपल्या पाठशाळेतलं लहान पोरही सांगतं.

कुणी केलं हे शोधायला दोन दिवस लागले नाहीत. दिरांचा मुलगा नोकरीसाठी काकूंकडेच राहतो. वय २४, वागायला गोड, काकूंचं लाइट बिल, मोबाईलचं रिचार्ज, औषधं, सगळं तोच बघतो. त्यासाठी काकूंचं बँक खातं त्याच्याच फोनवर जोडलेलं. पॅन आणि आधारचे फोटो पेन्शनच्या कामासाठी काकूंनीच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेले. ओटीपी काकूंच्या साध्या फोनवर यायचा, तो काकूच मोठ्यानं वाचून दाखवायच्या. आणि सेल्फी? "काकू, जरा इकडं बघ, गॅसच्या केवायसीला फोटो लागतोय." काकूंनी पदर नीट केला आणि बघितलं.

झालं. पॅन खरं, आधार खरं, चेहरा खरा, खातं खरं, ओटीपी खरा. कंपनीच्या सगळ्या तपासण्या पास. खोटा होता तो फक्त खेळणारा.

त्याला विचारलं, अरे तुझं स्वतःचं पॅन होतं की. मान खाली घालून म्हणाला, "माझ्या नावावर दिसलं असतं तर अण्णांना कळलं असतं." या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. आपल्या नावाची किंमत त्या पोराला पक्की ठाऊक होती. कागदावरची नोंद कुठवर जाते, कोण बघतं, ती पुसता येत नाही, हे सगळं त्याला कळत होतं. म्हणूनच त्यानं स्वतःचं नाव झाकलं आणि काकूंचं खर्ची टाकलं.

सप्तव्यसनांची उदाहरणं शिकवताना जुगारासाठी युधिष्ठिराचं नाव घेतात. राज्य गेलं, भाऊ गेले, मग द्रौपदी पणाला लागली. लहानपणी मला नेहमी वाटायचं, त्या सभेत एवढी मोठमोठी माणसं बसली होती, कुणीच कसं म्हणालं नाही की बाई, तुला विचारलंय का? आता कळतं. घरातली वस्तू घरच्या माणसानं वापरली तर विचारायचं कशाला, असंच त्यांनाही वाटलं असेल.

आणि आपल्याला तरी वेगळं काय वाटतं? तुमचं पॅन कार्ड आत्ता कुठे आहे सांगा बघू. कपाटात साड्यांखालच्या पिशवीत असेल, तर त्याचा फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे? नवऱ्याच्या, मुलाच्या, विमा एजंटच्या, झेरॉक्सवाल्याच्या. आयकराच्या साइटचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का? तिथे ईमेल कुणाचा दिला आहे? मी हे आमच्या मंडळात विचारलं. बावीस जणींत दोघींनी हात वर केला, त्यातली एक शिक्षिका. सोन्याची बांगडी सुनेला घालायला देतानाही आपण दहा वेळा बजावतो. पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय घागरीत जात नाही. आणि जन्मतारीख, पत्ता, बोटांचे ठसे ज्याला जोडलेत तो कागद मात्र मागेल त्याला, मागेल तेव्हा, न गाळता.

काही जणी तर माहीत असूनही देतात, हेही लिहायलाच हवं. या ॲपवर नव्या माणसाला बोनस मिळायचा. नवऱ्याचा बोनस संपला की बायकोच्या नावानं खातं, मग आईच्या. "दोनशे रुपये फुकट मिळत होते, मी खेळले थोडीच?" असं मला एकीनं सरळ सांगितलं. ताई, कृत, कारित आणि अनुमोदना, पाप तिन्ही वाटांनी येतं हे तुम्ही प्रतिक्रमणात रोज म्हणता. अनर्थदंडात हिंसादान सांगितलं आहे. शस्त्र, विष, अग्नी, ज्यानं घात होईल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. माझी आजी शेजारणीला उंदराचं औषध कुठे मिळतं एवढंसुद्धा सांगायची नाही. पॅन कार्ड हे शस्त्र आहे का, असं विचाराल. ज्याला रात्री दोन वाजता आणखी एक खातं उघडायचंय, त्याच्या हातात ते शस्त्रच आहे, आणि जखम त्यालाच होणार आहे.

आता कंपन्यांकडे वळते, कारण सगळा दोष घरावर टाकून मला त्यांना मोकळं सोडायचं नाही.

"आमच्याकडे पूर्ण केवायसी आहे, त्यामुळे सुरक्षित आहे" असं जाहिरातीत सांगायचे. सुरक्षित कोण? काकूंच्या खात्यात कंपनीकडे काय काय होतं बघा. मोबाईल नंबर, पॅन, आधारच्या दोन्ही बाजू, चेहरा, बँक खातं. लोकेशनसुद्धा, कारण तेलंगण, आंध्र अशा काही राज्यांत पैशांची रमी बंद होती, म्हणून खेळणारा कुठे बसलाय ते त्यांना बघावं लागायचं. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. कार्डापेक्षा मोठी माहिती खेळ सुरू झाल्यावर गोळा होते. किती वाजता खेळतो, पगार झाल्यावर किती भरतो, हरल्यावर किती मिनिटांत पुन्हा भरतो, चार दिवस आला नाही तर कोणत्या मेसेजवर परत येतो. पुतण्याचा फोन मी स्वतः पाहिला. त्यानं खेळणं थांबवलेल्या आठवड्यातच बोनसचे मेसेज दाट झाले होते. माणूस कुठे घसरतोय हे कंपनीला आईच्या आधी कळतं, आणि कळल्यावर ती हात देत नाही, आणखी थोडं तेल ओतते.

कंपनीच्या दफ्तरात हे सगळं कुणाच्या नावावर आहे? ६७ वर्षांची एक बाई, रात्री एक ते तीन रमी खेळणारी, महिन्याच्या तीन तारखेला पेन्शन जमा झाली की पैसे भरणारी, हरली की सात मिनिटांत पुन्हा भरणारी. त्या यंत्राला हे एकदाही खटकलं नाही? आधारवर जन्मसाल होतं, फोटोत पांढरे केस होते. आमच्या सहकारी बँकेतला कॅशियर काकूंनी एकदम वीस हजार काढले तर विचारतो, "काकू, घरी सगळं ठीक ना?" एवढी माहिती जवळ असून एक फोन करावासा कुणाला वाटला नाही.

वाटणार कसा? ती तपासणी काकूंना ओळखण्यासाठी नव्हतीच. २०२३ च्या एप्रिलपासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापणं कंपन्यांना बंधनकारक झालं. कर जमा करायला कुठलं तरी पॅन लागतं. त्या पॅनमागे श्वास घेणारं माणूस कोण, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात नव्हता. त्याच महिन्यात केंद्रानं नियमही काढले होते की पैसे घेण्याआधी खेळणाऱ्याची ओळख बँका तपासतात तशी तपासा. पण ज्या स्वनियमन संस्थांच्या आधारावर ते सगळं चालायचं होतं, त्या कधी नेमल्याच गेल्या नाहीत. नियम कागदावर राहिले आणि आपले कागद त्यांच्याकडे गेले.

यावर आमच्याच घरात वाद झाला. माझे यजमान म्हणाले, तपासणी नको म्हणशील तर उद्या आठवीतली पोरं खेळतील. मला तपासणी नको असं मी म्हणतच नाही. पोरांना रोखायचं तर वय बघायलाच हवं. पण वय बघायला माझा पत्ता, माझ्या वडिलांचं नाव आणि बारा आकडी क्रमांक कशाला? आधार क्रमांक न सांगता ओळख पटवायची ऑफलाइन सोय खुद्द आधारवाल्यांनीच केली आहे. मागताना सगळं मागायचं आणि बघताना काहीच बघायचं नाही, अशी ही तपासणी. तिनं आठवीतलं पोरही थांबत नाही. ते आईचं कार्ड आणतं, बस. उलट आईचं नाव मात्र कायमचं कुणाच्या तरी तिजोरीत जाऊन बसतं. अशा अर्ध्या तपासणीपेक्षा कपाटाला कुलूपच नसलेलं बरं, निदान माणूस सावध तरी राहतो.

दुसरा मुद्दा पुष्कळ जणींनी काढला. आता बंदीच आली ना, मग कशाला जुनं उकरतेस? खरं आहे, गेल्या वर्षी दशलक्षण पर्व सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, २२ ऑगस्ट २०२५ ला, राष्ट्रपतींची सही होऊन पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदच त्यानं ठेवला नाही. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव लगेच थांबवले, काही कोर्टात गेल्या. मला आनंद झाला, लपवत नाही. रमी कौशल्याची म्हणून १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं जे म्हटलं होतं, त्याच्या आडोशानं किती घरं बुडाली हे आपण पाहिलंय.

पण दुकान बंद झालं म्हणून वही जळाली का? गिऱ्हाइकांची नावं, चेहरे, सवयी कुठे आहेत? त्याच कंपन्या आता दुसरे उद्योग करताहेत. ज्याला जुगाराचा नाद आहे अशा माणसांची नावानिशी यादी बाजारात किती मोलाची असेल, याचा विचार करा. आणि ज्याला सवय लागली तो बंदीनंतर कुठे जातो? परदेशातून चालणाऱ्या साइटवर. त्याही सेल्फी मागतात, आधार मागतात. तिथे तक्रार कुणाकडे करणार? दुबईतून चालणाऱ्या महादेव ॲपच्या प्रकरणात ईडीनं जे मांडलं त्यात भलत्यांच्याच नावानं उघडलेली बँक खाती होती, पैसा त्यातून फिरत होता. अशी खाती कुणाच्या कागदांवर उघडली जातात? ज्यांना आपल्या कागदांचं काय झालं हे कधीच कळत नाही त्यांच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या. पोलीस येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात.

मूळ गोष्ट पुढे सांगते. सी.ए. भला माणूस. म्हणाला, काकू, काळजी करू नका, कर तर कापलेलाच आहे, ही रक्कम तुमची म्हणून दाखवू, सही करा, विषय संपला. जाऊबाई म्हणाल्या, घरातल्या घरात मिटवा, पोराचं लग्न ठरायचंय. मंडळातल्या दोघी म्हणाल्या, पैशांचं नुकसान झालं नाही ना, मग झालं. सगळ्यांचं म्हणणं एकच, मुकाट्यानं सही कर.

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बस्तीतून येताना मला म्हणाल्या, "रिटर्नच्या खाली लिहिलेलं असतं ना गं, वरची माहिती खरी आहे म्हणून. मी जुगारात जिंकले हे मी सही करून खरं म्हणू? आणि नाही म्हणाले तर कोण, हे सांगावं लागणार."

बघा, त्या पोरानं काकूंना कुठे नेऊन उभं केलं. एकीकडे असत्यावर सही, दुसरीकडे पोटच्या पोरासारखा पुतण्या. दुसऱ्याच्या पॅन-पासवर्डनं त्याचं सोंग घेणं हा आयटी कायद्यात गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. मुकाट सही करा म्हणणाऱ्यांनी या बाईची कोंडी किती हलकी मानली होती, याचाच मला राग आहे. "नुकसान काय झालं" हा प्रश्न फक्त त्यांनाच सुचतो ज्यांचं नाव वापरलं गेलेलं नाही.

त्याच सुमारास दशलक्षण सुरू झालं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो, सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. सत्य अणुव्रताचे अतिचार आले. दरवर्षी ऐकतो आपण, या वर्षी कान टवकारून ऐकलं. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, दुसऱ्याच्या नावानं कागद रंगवणं. रहोभ्याख्यान, म्हणजे कुणाची एकांतातली गोष्ट उघड करणं. न्यासापहार, म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली ठेव लाटणं. पेन्शनच्या कामासाठी दिलेलं आधार जुगाराला लावणं हा न्यासापहारच नाही का? शब्दाचा अर्थ मी थोडा ताणते आहे, माताजी क्षमा करतील.

प्रायव्हसी म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं फॅड, ज्याला लपवायचं असतं त्यालाच ती लागते, असं आपल्यात सर्रास बोलतात. त्यांना मला हे दाखवायचं आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा आपल्याला ते नवीन वाटलं. उमास्वामींनी दुसऱ्याची आतली गोष्ट बाहेर काढण्याला सत्यव्रताचा दोष म्हटलं होतं, तेव्हा ना कोर्ट होतं ना फोन. आणि गोष्ट खोटी असली तर दोष, असं तिथे म्हटलेलं नाही. खरी गोष्टसुद्धा दुसऱ्याची असेल तर ती आपली नाही. कंपनीला ही दृष्टी नसेल, पण आपल्या घरातल्या पुरुषांना तरी असायला हवी. त्यांनीही तोच अध्याय ऐकला आहे.

शेवटी काकूंनी सही केली नाही. पोराला समोर बसवलं, त्याच्या आई-वडिलांना बोलावलं आणि त्याच्याच हातानं सगळं लिहून घेतलं, कधीपासून, कोणत्या ॲपवर, किती. आरडाओरडा नाही. आयकराच्या साइटवर 'एआयएस' नावाचं वार्षिक माहितीपत्रक असतं, त्यात प्रत्येक नोंदीसमोर आपला अभिप्राय देता येतो, ही माहिती मान्य नाही असंही कळवता येतं. सी.ए.नं ते काकूंच्या वतीनं कळवलं. पुतण्यानं ती रक्कम आपल्या रिटर्नमध्ये दाखवली. काकूंच्या पॅनवर कापलेल्या कराचं त्रांगडं अजून सुटलेलं नाही, सुटेल तेव्हा सुटेल. अण्णांना कळायचं ते कळलंच. पोरगा महिनाभर काकूंच्या नजरेला नजर देत नव्हता, आता देतो. जाऊबाई अजून देत नाहीत.

मग काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, माझा फोटो त्यांच्याकडून परत घेऊन दे.

इथून पुढचं मी स्वतः केलं म्हणून तुम्हालाही सांगते. आधी आपल्या घरचं बघा. आयकराच्या साइटवर तुमच्या नावाचं खातं उघडा, मोबाईल आणि ईमेल तुमचाच घाला, वर्षातून दोनदा २६ एएस आणि एआयएस उघडून बघा, अनोळखी नाव दिसलं की तिथेच थांबा. आधारच्या साइटवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं ते दिसतं, बोटांचे ठसे कुलूपबंदही करता येतात. झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर पहिले ८ आकडे झाकलेली प्रत तिथूनच काढता येते, आणि प्रतीवर आडवं लिहा, अमुक कामासाठी, तारीख अमुक. संचार साथीच्या साइटवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं. आमच्या एकीच्या नावावर चार निघाली, घरात फोन दोन. आणि क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवाच, कारण जुगाराच्या मागोमाग झटपट कर्जाचं ॲप येतं आणि तेही तुमच्याच पॅनवर. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन, लाज नंतर.

कंपनीला काय लिहायचं? २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटाचा कायदा झाला. संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसायला लावण्याचा हक्क त्यात आहे. नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यातली मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. ५० लाखांवर नोंदणी असलेल्या गेम कंपन्यांनी तीन वर्षं न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसावी असंही त्या नियमांत आहे. म्हणजे कधी, तुम्हीच मोजा. काकू तेव्हा सत्तरीच्या पुढे असतील. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही. आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यानुसार कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव साइटवर द्यावं लागतं आणि महिन्याच्या आत तक्रारीचा निकाल लावावा लागतो. दिलेली संमती लेखी कळवून मागे घेता येते, आणि काम संपल्यावर माहिती जवळ ठेवता येत नाही. कराच्या हिशेबाच्या नोंदी त्यांना काही वर्षं ठेवाव्या लागतील, ते मान्य. पण काकूंचा पदर सावरलेला फोटो कुठल्या कराच्या हिशेबात बसतो?

असंच लिहिलं मी, मराठीत आणि इंग्रजीत, काकूंच्या नावानं आणि त्यांच्या नव्या ईमेलवरून. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला, मला सांगितला नाही. मी विचारलाही नाही.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. तुमची विनंती मिळाली, माहिती पुसण्यापूर्वी आपली ओळख पटवणे आवश्यक आहे, तरी आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि कार्ड हातात धरलेला सेल्फी पाठवावा.

मी वाचून दाखवलं. काकू बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आत्ता पटवायची होय ओळख?"

पहिले ८ आकडे झाकलेली प्रत पाठवली आहे. सेल्फी पाठवलेला नाही, तसं कळवलं आहे. महिना भरायला अजून सहा दिवस आहेत.